एका मतपत्रिकेची गोष्ट

रिचमंड, व्हर्जिनिया
११ जानेवारी २०१८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागे फोनवर तुम्ही विचारले होतेत, की ट्रम्प निवडून येऊन वर्ष झाले, मग तिथे पुन्हा कसली निवडणूक? व्हर्जिनियाच्या विधानसभेची निवडणूक दर दोन वर्षांनी, विषम सालीच होते. गेल्या वर्षी ७ नोव्हेंबरला मतदान झाले आणि शंभरपैकी ६६ जागा असलेले रिपब्लिकन काठावर आले. अखेर सगळे न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या ९४ क्रमांकाच्या मतदारसंघावर येऊन ठेपले. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते, डिसेंबरच्या फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या आणि दुसऱ्याच दिवशी तीन न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका यान्सींच्या पारड्यात टाकल्याने दोघांची मते ११,६०८ अशी समसमान झाली.

त्या मतपत्रिकेवर दोन्ही नावांपुढचे गोल काळे केलेले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ होती. मतमोजणीच्या टेबलावर तुम्ही इतकी वर्षे काढलीत. दोन चिन्हांवर शिक्का दिसला की तुम्ही ती मतपत्रिका बाद ठरवून मोकळे झाला असतात. इथे मात्र मतदाराचा हेतू शोधतात, आणि बाकीच्या पदांसाठी त्याने रिपब्लिकनांनाच पसंती दिल्याचे पाहून न्यायाधीशांनी ती रेघ म्हणजे खाडाखोड मानली. मला आपला नियम अधिक सरळ वाटतो, मग त्यात एखाद्याचे मत वाया गेले तरी चालेल.

पुढे चिठ्ठी. गेल्या फेब्रुवारीत गिरगावच्या प्रभागात महापालिकेची जागा अशीच ठरली होती, त्यामुळे मला नवल वाटले नाही; इथले सहकारी मात्र अवाक झाले. ४ जानेवारीला फोटोच्या रिळांच्या दोन डब्यांत नावे घालून त्या कलासंग्रहालयातून आणलेल्या चिनी मातीच्या वाडग्यात ठेवल्या, आणि यान्सींचे नाव निघाले. सायमंड्स यांचे निघते तर पक्ष ५०-५० झाले असते. आता रिपब्लिकन ५१ आहेत. काल अधिवेशन सुरू झाले आणि सायमंड्स यांनीही हार मान्य केली.

गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, मेडिकेडची, व्याप्ती वाढवण्याचा प्रश्न या सभागृहात वर्षानुवर्षे अडला आहे आणि त्यावर सुमारे चार लाख लोकांचे औषधपाणी अवलंबून आहे. पंधरा जागा गमावल्यावर रिपब्लिकनांतलेही काही जण नरमतील असे मला वाटते. काय होते ते कळवीनच.

आईस सा. न.

आपली,
मेधा