चालढकल दडते ती 'प्रतीक्षाधीन' गठ्ठ्यात

महोदय,

सरकारी कामातल्या दिरंगाईचा विषय निघाला की कडक कायदा करा, अशी मागणी होते. कायदा आहेच. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाच्या कलम 10 नुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीच्या फाइलला चारच दिवस. अंतिम निर्णय 45 दिवसांत, दुसऱ्या विभागाकडे जावे लागले तर तीन महिन्यांत. ही शेवटची सवलतच पळवाट ठरते.

निर्णयाची टिपणी लिहायला नियम काढावे लागतात, खुलासा मागवणारे पत्र मात्र दहा मिनिटांत होते. पत्र गेले की फाइल सहा गठ्ठा पद्धतीतल्या (कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची रीत) 'प्रतीक्षाधीन', म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रकरणांच्या, गठ्ठ्यात जाते आणि टेबल स्वच्छ दिसते. उत्तर आले की नवी त्रुटी निघते. याला सरसकट आळस म्हणणे चूक आहे. पुष्कळदा नेमके काय ठरवायचे हेच स्पष्ट नसते, म्हणून फाइल उघडायचे टाळले जाते.

त्यामुळे टपाल हाती येईल त्याच दिवशी फाइल पूर्ण वाचून टिपणीत एकच ओळ लिहावी: 'वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक मंजूर करावे काय?' खाली लागणारी कागदपत्रे आणि त्यांतली कोणती नाहीत ते. उरलेली टिपणी मग अवघड जात नाही. साऱ्या त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात. 'लवकरात लवकर' न लिहिता तारीख द्यावी आणि स्थळप्रतीवर (कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर) स्मरणपत्राची तारीख टाकावी. गठ्ठा विषयवार नको, याच तारखांप्रमाणे लावावा, म्हणजे सोमवारी त्या आठवड्याची प्रकरणे आपोआप वर येतात. दोन स्मरणपत्रे वाया गेली तर तिसरे धाडू नये. फोन करावा, आणि हाती असलेल्या कागदांवर निर्णय होत असेल तर फाइल सादर करावी.

वरिष्ठांचीही चूक होते. साप्ताहिक गोषवाऱ्यात ते शिल्लक प्रकरणांचा आकडा पाहतात, म्हणून सोपी प्रकरणे आधी निघतात आणि जुनी तळाशी जातात. ई-ऑफिसमध्येही, म्हणजे संगणकावरच्या फाइलींतही, हेच घडते. देयक अडकलेल्या माणसाने औषधांसाठी पैसे उसने घेतलेले असतात, त्याला या आकड्याचा काय उपयोग? कार्यालयप्रमुखांनी दर सोमवारी प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातली सर्वांत जुनी पाच प्रकरणे मागवून प्रत्येकावर एकच विचारावे: 'हे पत्र खरोखर लागत होते का?'

– एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा