अडथळा तुम्ही नाही

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आमच्या औषधपाण्यापायी तुझी प्रार्थना, तुझी उपासना मागे पडू देऊ नकोस. आधी देव, मग आम्ही." तुम्ही मनापासून म्हणालात, तरी ते मला पटलं नाही. फोनवर वाद घालायला गेले की तुम्ही "जेवलीस का?" विचारून विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढा. आईवडिलांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं कुणी एकदा जाहीर केलं की परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या वेळचे यहुदी धर्मपुढारी, त्याला पुढे आईबापांसाठी काही करूच देत नसत. देवाचं नाव पुढे करायचं आणि मोडायची देवाचीच आज्ञा! येशूने त्याला भक्ती म्हटलं नाही, ढोंग म्हटलं. तेव्हा तुम्हाला दवाखान्यात नेलं म्हणून माझी संध्याकाळची प्रार्थना पुढे गेली, तर ती संध्याकाळ देवाकडून हिरावून घेतली असं मी मानणार नाही.

मग देवाच्या आड येतं तरी काय? प्रवचनांत या प्रश्नावर बिचाऱ्या मार्थेला फार झोडपतात. येशू घरी आला तेव्हा तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली; कामात गुंतलेली मार्था 'हिला मला मदत करायला सांग' म्हणाली, तर प्रभूने मार्थेलाच समजावलं. लूकमध्ये तिच्या गोष्टीच्या लगेच आधी वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे आणि त्याचा शेवट "जा आणि तूही तसंच कर" असा आहे. सेवा नको, नुसतं बसून ऐका, असा धडा त्याला लागून कसा येईल? पुढे योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा जेवण आहे. तिथेही मार्था वाढतेच आहे, पण या वेळी प्रभू तिला काही म्हणत नाही. मला वाटतं, पहिल्या वेळी कामाने तिचा घात केला नव्हता. बहीण काय करत नाही, याच्या हिशेबात तिचं मन गुंतलं होतं. आपलंही तिथेच अडतं, बाबा. ग्रुपवर कोण काय बोललं, मंडळीच्या कमिटीत आपल्याला का विचारलं नाही, टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चेत कोणी कोणाला गप्प केलं, हे सगळं मनात घेऊन आपण शास्त्र उघडतो. औषधाच्या गोळ्या मोजायला किती वेळ लागतो हो?

आता आईचं. आई, तू म्हणालीस, आता वेळच वेळ आहे, तरी प्रार्थनेला बसलं की मन पळतं. धावपळीच्या दिवसांत जेवढी मिनिटं मिळायची तेवढी तरी नीट व्हायची. तुला वाटतं विश्वास पातळ झाला. मला तसं वाटत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक मठवासी होता. (बाबा, मठवासी म्हटल्यावर भुवया चढवू नका, पुढे वाचा.) घरदार सोडून केवळ प्रार्थनेसाठी आलेल्या माणसांना भर दुपारी काय होतं, ते त्याने लिहून ठेवलंय. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, डोळे सारखे खिडकीकडे जातात, माणूस बाहेर येऊन दिवस किती उरलाय ते बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडे-तिकडे पाहतो, घरच्यांची आठवण काढतो. यात फोन कुठेच नाही. म्हणजे ज्यांच्याकडे वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यांचंही मन पळत होतं. फोन आल्याने पळायला वाट सोपी झाली, इतकंच.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचा. त्याचा पायही अधू होता, त्यामुळे तुझे गुडघे त्याला कळले असते. ठरलेल्या प्रार्थनेत आपला कितीतरी वेळ भरकटलेले विचार बाजूला सारण्यात आणि पुन्हा त्यांच्यातच अडकण्यात गेला, हे तो उघड सांगायचा. मन गेलं तर चिडू नये, शांतपणे परत आणावं, हा त्याचा सल्ला. तू जमिनीवर बसायचा हट्ट सोड आणि खुर्चीत बस. मन गेलं की एक ओळ मोठ्याने वाच. एवढं पुरे.

वेळ मात्र ठरवून टाका. माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे. 'सवड मिळाली की' म्हटलं की निवृत्त माणसालाही सवड मिळत नाही, हे आपण तिघेही जाणतो. मार्काच्या पहिल्याच अध्यायात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारापाशी जमलेलं असताना प्रभू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला. "सगळे तुम्हाला शोधत आहेत" हा निरोप घेऊन त्याचा शिष्य शिमोन आला, तरी तो त्या गर्दीकडे परतला नाही. आसपासच्या दुसऱ्या गावांकडे निघाला. कुठे जायचं, हे त्याचं प्रार्थनेत ठरलं असावं, असं मला वाटतं. आणि मंदिर न सोडणारी ती हन्ना! लूक तिला 84 वर्षांची विधवा म्हणतो. बाळ येशूला आत आणलं त्याच घटकेला ती तिथे होती, कारण ती रोजच तिथे असायची.

तर असं करू. बातम्या लागायच्या आधी रोज संध्याकाळी मी फोन करेन. स्तोत्र 71 पासून सुरू करू, म्हातारपणी टाकून देऊ नकोस म्हणणारं ते. बाबांनी वाचायचं, आईने प्रार्थना करायची, मी ऐकेन. दवाखान्याच्या दिवशी फोन नाही, मी स्वतःच तिथे असेन. बाबा, फाइल आणि जुने रिपोर्ट आदल्या रात्रीच काढून ठेवा, आणि चष्म्याची काडी दुरुस्त करून घ्या, नाहीतर वाचन आईवर पडेल.

तुमची,
लेक