काकण मोडलं म्हणून दोन होत नाहीत

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या बुद्धीच्या टप्प्यांवरचा लेख वाचला. लेख बरा होता, राग कोणत्या वयात मुलाला काय कळतं ते रकान्यांत मांडलेल्या त्या रंगीत तक्त्याचा आला. आमच्या शेजारणीने तो कापून फ्रिजवर चिकटवलाय आणि लेकाच्या नावापुढे पेनाने टिक मारत बसलीय, जसं काही लसीकरणाचं कार्ड. हे टप्पे मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेने टप्प्यांचा क्रम ठरलेला आहे म्हटलं, वयं मागेपुढे होतात हे तो स्वतःच सांगत होता. तेवढी एक ओळ छापायला जागा नव्हती का?

मी 31 वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यामुळे हे नाव मला नवीन नाही. पण गेल्या महिन्यात डीएड करणारी एक मुलगी असाइनमेंटसाठी आमच्याकडे आली, वेगवेगळ्या वयाची तीन मुलं बघायची होती तिला. माझा नातू साडेपाच वर्षांचा. दोन सारखे काचेचे ग्लास, दोन्हींत पाणी, "सारखं ना?" "हो." मग एकातलं पाणी उंच ग्लासात ओतलं आणि परत, "आता सारखं?" त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला ह्यात जास्त. तिने लगेच वहीत लिहिलं, संकल्पना नाही, म्हणजे भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे ह्याला कळत नाही. ती गेल्यावर मी विचारलं, बाबा असं का सांगितलंस? तर म्हणतो, "ती परत विचारायला लागली म्हणजे माझं पहिलं चुकलं असणार ना!"

आता ह्यात चूक कोणाची? खरं सांगायचं तर माझ्यासारख्यांचीच, वर्गात "परत सांग बघू" आम्ही चुकलेल्यालाच म्हणायचो. आणि हे काही माझं आजीचं कौतुक नाही, 1974 साली सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक ह्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रयोग करताना प्रश्न एकदाच विचारून बघितला तर मुलांच्या चुका कमी झाल्या. लेखात ह्याचा उल्लेख शून्य.

त्याच नातवाची दुसरी गोष्ट. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा गोव्याचा पाववाला, येतो, त्या दिवशी दोनच काकणं, म्हणजे बांगडीसारखे गोल कडक पाव, मिळाली. एक पिशवीतच मोडून तीन तुकडे झालेलं, ते धाकटीला दिलं. ती तीन वर्षांची, नाचायला लागली, "म्हाका (मला) तीन, म्हाका तीन!" ती अगदी पियाजेच्या पुस्तकातली, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा तिला म्हणतो, "मोडलं म्हणून काय झालं, एकच ते." मग पाण्याच्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल? कुठे जाणार, समोर वही घेऊन बसलेली बाई नव्हती एवढंच.

तिसरी मुलगी आमच्या वाड्यावरची, नऊ वर्षांची. सुट्टीत आईबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विकायला बसते. वीस रुपयांच्या सात फाती, दोनशेची नोट दिली की साठ परत, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेच 200 वजा 140 वहीत उभं मांडायला दिलं तर उत्तर 140. का, तर शून्यातून चार जात नाहीत म्हणून तिने चारातूनच शून्य वजा केलं. बाजारात 140 परत दिले असते तर आईनं वाड्यावर घेतलं नसतं तिला! ब्राझीलच्या रेसिफे शहरात 1985 साली अशाच फळं वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास छापून आला, गाड्यावर 98 टक्के उत्तरं बरोबर आणि तीच गणितं कागदावर घातल्यावर 37 टक्के. आमच्या मुलीच्या नावापुढे मात्र "टप्पा अपूर्ण" लिहून झालं.

आणि तक्त्याप्रमाणे वयाच्या अकरानंतर म्हणे माणूस अमूर्त विचार करतो. आमचे भावोजी अठ्ठावन्नचे आहेत, उंच ग्लासात उर्राक, म्हणजे काजूची दारू, दिली की जास्त मिळाली म्हणून खूश होतात. त्यांना कुठल्या रकान्यात टाकू, कळवावे.

जाता जाता, लेखाचा शेवटचा परिच्छेद फ्लॅटच्या जाहिरातीखाली गेलाय, वाक्य "म्हणून पालकांनी" वरच थांबतं. पालकांनी काय करायचं ते पुढच्या रविवारी तरी छापा. आणि शब्दकोड्याची उत्तरं दोन आठवडे आलेली नाहीत, आडवे सतरा माझं अजून अडलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली