लॅपटॉप न उघडताच ‘मदरबोर्ड निकामी’ ठरवल्याबाबत तक्रार

दिनांक : १९ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या पुण्यातील अधिकृत सेवा केंद्राने दिलेला चुकीचा तपासणी अहवाल आणि त्यासाठी घेतलेले ५९० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

लॅपटॉप बंद पडला तो माझ्याच हातून, हे आधीच लिहून टाकते. शनिपाराजवळ माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नसराईत पत्रिकांच्या फाइली उघडल्या की मशीन रडायचे, म्हणून ८ जीबीची जादा रॅम घातली आणि उघडलेच आहे तर पंखाही काढून ब्रशने झाडला. त्यासाठी वरून जाणारी एक चपटी केबल सोडवावी लागली. सगळे परत बसवून बटण दाबले, तर मशीन ढिम्म. चार्जर लावला की बाजूचा नारिंगी दिवा मात्र लागत होता.

घरी जे जमले ते केले. चार्जर काढून बटण ३० सेकंद दाबून धरले. नवी रॅम काढून फक्त जुनी ठेवली. बॅटरीचा कनेक्टर काढून पुन्हा लावला. हे सगळे, नारिंगी दिव्यासकट, एका कागदावर लिहून ५ मे रोजी सेवा केंद्रात लॅपटॉपसोबत दिले. काउंटरवरच्या मुलाने कागद वाचला नाही. जॉब शीटवर ‘डेड’ एवढेच लिहिले.

८ मे रोजी फोन आला, ‘मॅडम, मदरबोर्ड गेलाय.’ खर्च ३१,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७,०५२. ‘तुम्ही स्वतः उघडलंत ना, मग असंच होतं,’ हे वर ऐकवले. मी नकार देऊन लॅपटॉप परत आणला. तपासणीचे ५९० रुपये मात्र कापून घेतले.

आता मुद्दा. खालच्या कव्हरच्या मधल्या स्क्रूवरचे रबरी बूच माझ्याकडून हरवले होते. त्या भोकावर मी पत्रिकांवर लावते तो सोनेरी गणपतीचा स्टिकर चिकटवला होता. तो स्क्रू काढल्याशिवाय कव्हर निघतच नाही. लॅपटॉप परत आला तेव्हा गणपती जागच्या जागी, एक कोपराही उचकटलेला नाही. मग आपल्या इंजिनिअरने मदरबोर्ड पाहिला कुठून?

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने माझ्यासमोर स्टिकर सोलला, कव्हर काढले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘चार्जिंगचा दिवा लागतो ना? मग बोर्डाला करंट येतोय. आधी बटण बघू.’ पॉवर बटणाची ती चपटी केबल त्याने बाजूला केली आणि चिमट्याच्या टोकाने कनेक्टरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या. पंखा फिरला. बोर्ड जिवंत होता, फक्त बटणाचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मी केबल तिरकी खोचली होती आणि तिच्यावरची नखाएवढी काळी खिट्टी दाबायची राहिली होती. त्याने केबल सरळ केली, खिट्टी बंद केली. दहा मिनिटे, ३०० रुपये. हे पत्र मी त्याच लॅपटॉपवर टाइप करत आहे.

चूक माझी होती, ती मी ३०० रुपयांत निस्तरली. पण ती शोधण्याचे पैसे आपण घेतलेत आणि शोधलेच नाही. त्या दिवसांत दोन पत्रिकांच्या ऑर्डरी हातच्या गेल्या. त्याची भरपाई मी मागत नाही.

माझी मागणी एवढीच : ५९० रुपये परत करावेत, ‘मदरबोर्ड निकामी’ हा शेरा माझ्या लॅपटॉपच्या नोंदीतून लेखी स्वरूपात काढावा आणि तो कोणत्या तपासणीवरून दिला ते कळवावे. दरपत्रक नको, काय मोजले आणि काय आढळले ते हवे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तिथेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून मी गप्प बसेन असे समजू नये.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन जॉब शीटवर आहेत)

सोबत : जॉब शीट, ५९० रुपयांची पावती, दरपत्रक आणि स्टिकरसह कव्हरचा सेवा केंद्राच्या काउंटरवर काढलेला फोटो.