रिगवरच्या दादांना आभाराचं पत्र

दादा आणि रिगवरची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कारखान्याच्या आवारात जमिनीखालची डिझेलची लाइन गळली. ते डिझेल भूजलात कुठवर पोचलंय हे शोधायला तुम्ही निरीक्षणाचे बोअर घेऊन दिलेत. अहवालावर नावं आमची आणि प्रयोगशाळेची आहेत, तुमचं कुठेच नाही. पण या कामात बोअरच चुकीचा झाला, तर प्रयोगशाळा कितीही नामांकित असो, आकडे फसवेच येतात. म्हणून पत्र जाहीर लिहितोय. इतर रिगवाल्यांनीही वाचावं.

आधी केसिंगबद्दल. मुरूम संपून कातळ लागेपर्यंत आंधळं, म्हणजे भोकं नसलेल्या पाइपचं, केसिंग घालायचं, हा पाण्याच्या बोअरचा नियम. इथे तोच नियम घात करतो. डिझेलची घनता ०.८४ च्या आसपास, त्यामुळे ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं. आणि दख्खनच्या खडकात ही पातळी बऱ्याचदा मुरमात नाहीतर मांजऱ्यातच, म्हणजे मुरमाखालच्या झिजलेल्या खडकातच, असते. नेमका तो थर केसिंगने बंद केला की तेल बाहेरच राहतं, बोअरमधून स्वच्छ पाणी येतं आणि सगळे खूश होतात. तुम्ही जाळीचा पाइप उन्हाळी पातळीच्या खालपासून पावसाळी पातळीच्या वरपर्यंत बसवलात. भोवती धुतलेली वाळू, तिच्यावर ६० सेंटिमीटर बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगून फट बंद करणारी माती, मग सिमेंट. पाइपही आट्यांचे वापरलेत, सोल्युशन लावून चिकटवले नाहीत. त्या सोल्युशनमधली रसायनं पाण्याच्या चाचणीत हमखास दिसतात.

हॅमरच्या तेलाचंही तसंच. डीटीएच हॅमरला, म्हणजे भोकाच्या तळाशी हवेच्या दाबाने खडक फोडणाऱ्या हातोड्याला, हवेबरोबर वंगण जातं आणि तेच भोकात उतरतं. तेल शोधायला घेतलेल्या बोअरमध्ये आपणच तेल सोडायचं, असा प्रकार! तुम्ही वंगण हॅमरला लागेल तेवढंच ठेवलंत, रॉडला ग्रीसऐवजी खाद्यतेल लावलंत आणि हॅमरच्या तेलाचा नमुना वेगळ्या बाटलीत दिलात. प्रयोगशाळेच्या आलेखावर डिझेल हलकं म्हणून आधी उठतं, वंगण मागाहून. ती बाटली हाताशी असल्याने कुठलं तेल कुणाचं यावर वाद उरला नाही.

सगळ्यात मोठे आभार मात्र थांबल्याबद्दल. तुमचा हिशेब फुटावर चालतो, खोल गेलं की पैसे वाढतात. तरीही बोअरमधून वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग तांबडा होताच तुम्ही हवा बंद करून खोदाई थांबवलीत. तो तांबडा थर पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. तो फोडला असता तर वरचं दूषित पाणी खालच्या थरात उतरायला आपणच वाट करून दिली असती, आणि शेजारच्या शेतांतले बोअर त्याच थरावर चालतात.

बोअर झाल्यावर लगेच नमुना न घेता आम्ही थांबलो, त्यामुळे तुमचा खोळंबा झाला. कॉम्प्रेसरच्या हवेने बेंझीन, म्हणजे तेलातून पाण्यात विरघळणारं विषारी रसायन, उडून जातं, म्हणून बोअरमधलं पाणी आधी स्थिर होऊ द्यावं लागतं. मग मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतकाच उपसा करायचा, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता स्थिरावली की ४० मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरायची. बुडबुडा राहिला तर बेंझीन त्यात निघून जातं. ज्या बोअरमध्ये तेलाचा तवंग आहे, तिथलं पाणी विरघळलेल्या बेंझीनसाठी घेतच नाही. तिथे फक्त तवंगाची जाडी मोजतो. जाडी ४० सेंटिमीटर भरली, तर पाण्याची खरी पातळी तेल-पाण्याच्या सीमेपेक्षा ३३.६ सेंटिमीटर वर धरायची. ही दुरुस्ती विसरलं की पाणी कुठल्या दिशेला वाहतंय याचा नकाशाच चुकतो.

आता एक विनंती. पावसाळ्यात पाणी चढलं की बोअरमधला तवंग पातळ होतो, कधी दिसेनासाही होतो. ‘तेल गेलं, बोअर बुजवून टाका’ असा निरोप कुणी दिला तर ऐकू नका. ते पाण्याखाली खडकाच्या भेगांत अडकलेलं असतं आणि उन्हाळ्यात पुन्हा वर दिसतं. झाकणांची कुलपं तशीच राहू द्या. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, कुंपणाजवळ, अजून दोन बोअर घ्यायचे आहेत. येताना हॅमरचं तेल त्याच डब्यातलं आणा, आणि तांबड्याला थांबायचं या वेळीही तुमच्यावरच सोपवलंय.

आपले,
भूजल तपासणी पथकातले सहकारी