गोयनुकच्या घळईतले पाणी

अंतल्या,
सप्टेंबर अखेर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. जिथे उन्हाळाभर पावसाचे नाव नसते तिथे सप्टेंबरात धबधबा पाहायला जाण्यात काय अर्थ आहे, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. दिवाळीनंतर सह्याद्रीतले धबधबे एकेक करून आटताना आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत; त्यामुळे पाऊस गेला की पाणी गेले, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. मीही इथे तुर्कस्तानात आलो तेव्हा याच समजुतीत होतो. गेल्या रविवारी गोयनुकच्या घळईत पुन्हा जाऊन आलो आणि तुला सविस्तर लिहायचे ठरवले.

अंतल्याहून दक्षिणेला केमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला बेयदाग पर्वताच्या उभ्या कडा सतत सोबतीला असतात. इथल्या वडाप गाड्यांना डोलमुश म्हणतात; ती गोयनुक गावाशी सोडते आणि तिथून समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या दिशेने चालू लागायचे. सुरुवातीला संत्र्यांच्या आणि डाळिंबांच्या बागा लागतात. या दिवसांत डाळिंबे लाल होऊन फांद्या वाकवत असतात. बागा संपल्या की ओढ्याचे रुंद, पांढऱ्या गोट्यांचे पात्र सुरू होते आणि त्यात पाण्याऐवजी बरेचदा नुसते ऊनच भरलेले दिसते. या पात्रात कण्हेर रानटी वाढलेली आहे. आपल्याकडे देवळाच्या आवारात किंवा रस्त्याच्या दुभाजकावर माणसाने लावलेली कण्हेर आपण पाहतो; इथे ती भूमध्य समुद्राच्या ओढ्याओहोळांत आपल्या मूळ घरी, गुलाबी फुलांनी लगडलेली उभी असते. जमिनीखाली ओल आहे, याची पहिली खूण तीच देते.

पुढची वाट रानातून जाते. इथले मुख्य झाड म्हणजे किझिलचाम, तांबूस सालीचा पाइन. दुपारच्या उन्हात त्याच्या राळेचा वास इतका दाट होतो की तो अंगाला लागल्यासारखा वाटतो, आणि सिकाडा किड्यांचा अखंड आवाज त्या उष्णतेला आणखी वाढवतो. हे झाड आगीला फार लवकर बळी पडते. २०२१ च्या उन्हाळ्यात इथून पूर्वेला मानवगात परिसरातली अशीच प्रचंड वने जळाली. त्यामुळे रानात काडी ओढणे, चूल मांडणे, सिगारेट पेटवणे यांबद्दल इथले लोक फार कडक आहेत आणि ते योग्यच आहे. उन्हाळ्यात काही वनांत शिरायलाच बंदी असते. म्हणून निघण्याआधी गावात चौकशी करावी. पाण्याच्या जवळ गेले की पाइन मागे पडतात आणि चिनार सुरू होतात. काश्मीरला जो चिनार आपण पाहिला तोच हा. त्याच्या सावलीत पाऊल टाकताक्षणी हवा बदलते.

या वाटेचा काही भाग लिकियन मार्गाचा आहे. फेतिये ते अंतल्या अशी पाचशेहून अधिक किलोमीटरची ही पायवाट केट क्लो या ब्रिटिश बाईंनी आखली आणि ती १९९९ साली खुली झाली. दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या आणि लाल रंगाचे दोन आडवे पट्टे दिसले की वाट बरोबर आहे असे समजायचे; लाल फुली दिसली की तिकडे वळायचे नाही. घळईकडे जायचे आणि वर डोंगरातल्या यायलाकडे, म्हणजे उन्हाळी कुरणाच्या वस्तीकडे जायचे असे फाटे फुटतात, तिथे पाटी नीट वाचावी. घळईच्या तोंडापर्यंतची चाल साधारण तास-सव्वा तासाची आहे आणि तुझ्या गुडघ्याला ती झेपेल, कारण चढ फारसा नाही. वाटेत दोरीवरून घसरत जाण्याची आणि जीपने फिरवण्याची सोय आहे. पण माझे मत विचारशील तर चालतच जावे. तापलेल्या गोट्यांवरून तासभर चालून आल्याशिवाय पुढे जे दिसते त्याचे मोल पुरते कळत नाही.

आता पाण्याविषयी. आधी हिरवट निळ्या डोहांची रांग लागते. तळाचा प्रत्येक दगड मोजता यावा इतके ते नितळ असतात. इथे गावकरी कुटुंबे मुलांना घेऊन डुंबत असतात आणि खडकांच्या फटींत गोड्या पाण्यातले खेकडे दिसतात. त्यापुढे कडे एकदम जवळ येतात. माथ्यावर आभाळाची निळी चिंधी तेवढी उरते, ऊन भिंतींवरून परतून हिरवे होऊन खाली उतरते आणि चालण्याची वाट संपून पोहण्याची वाट सुरू होते. पाणी कमरेला, मग छातीला लागते, काही ठिकाणी पाय टेकत नाहीत. ते इतके गार असते की पहिल्या क्षणी श्वास अडतो. सप्टेंबरच्या भर दुपारीही वेटसूट, म्हणजे गार पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा पोशाख, आणि शिरस्त्राण घेऊनच आत जावे, दोन्ही तिथे भाड्याने मिळतात. गुळगुळीत खडकांवरून चढत, पुन्हा पाण्यात उतरत गेले की शेवटी घळईची वाट अडवून धबधबा पडतो. तो उंच नाही. आपल्या ठोसेघरच्या धबधब्याची आठवण काढून त्याच्याकडे गेलास तर निराश होशील. पण त्या अरुंद दगडी खोलीत त्याचा आवाज चारी बाजूंनी येतो आणि पाण्यावर उताणे पडून वर पाहिले की बाहेरच्या उन्हाळ्यावर विश्वास बसत नाही.

हे पाणी येते कुठून, हे कळल्यापासून मला ही जागा अधिकच आवडू लागली. अंतल्यात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या ५००० मिलिमीटरहून अधिक पावसापुढे तो काहीच नाही, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. परंतु बेयदाग हा चुनखडकाचा डोंगर आहे. पावसाचे किंचित आम्ल पाणी हा खडक विरघळवत जाते, भेगा रुंदावतात, पोकळ्या तयार होतात, आणि हिवाळ्यातला पाऊस व शिखरांवरचे वितळते बर्फ त्यांत मुरून महिनोन्‌महिने झऱ्यांतून बाहेर पडत राहते. आपला काळा बेसॉल्ट अभंग असेल तिथे पाणी आत घेतच नाही. पाऊस जसा आला तसा कड्यावरून निघून जातो, म्हणूनच आपले धबधबे इतके प्रचंड आणि इतके अल्पायुषी. तुझ्या गावच्या विहिरीचा उपसा मार्चमध्येच का थांबतो, यावर आपण किती रात्री बोललो आहोत! त्या बोलण्यात जो खडक नेहमी आपल्या विरुद्ध असायचा, त्याच्या जागी इथे साठवणारा खडक पाहताना मला तुझी फार आठवण झाली.

काळजीच्या दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो, कारण आपल्याकडे दर पावसाळ्यात डोहांत बुडून जाणारी तरुण मुले आपण वर्तमानपत्रांत वाचतो. वरून उडी कोणीही मारू नये. पाणी नितळ असल्याने खोली फसवी दिसते आणि खाली खडक असतात. पोहता न येणाऱ्यांनी पहिल्या डोहांपाशीच बसावे, तिथला आनंदही उणा नाही. डोंगरात ढग जमले असतील तर घळईत शिरूच नये, आणि हिवाळ्यात तर मुळीच नाही. अरुंद भिंतींत पाणी चढायला वेळ लागत नाही. पायांत पकड असलेले, भिजले तरी चालणारे बूट हवेत.

परतताना भूक सपाटून लागते. वाटेवर बायका बुटक्या गोल पाटावर कणीक पातळ लाटून, पालक आणि चीज भरून, लोखंडी फुगीर तव्यावर गोझलेमे भाजतात. आपल्या पुरणाच्या मांड्यांसारखेच हे कसब मनगटात असावे लागते. त्याबरोबर आयरान, म्हणजे खारे ताक. वहिनींना हे जेवण नक्की आवडेल, आणि त्यांच्या शाकाहाराची अडचणही येणार नाही.

पुढच्या वर्षी मेअखेरीस आलात तर बर्फाचे पाणी असल्याने ओढा भरलेला आणि डोह अधिक गार असतील. सप्टेंबरअखेरीस आलात तर पाणी कमी, पण आत जाणे सोपे आणि डाळिंबे तयार. माझा कौल सप्टेंबरला आहे. वहिनींशी बोलून कळव, म्हणजे मी आतापासूनच रजेची व्यवस्था करून ठेवतो. आईंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर