गावित खटल्यातली शिक्षा २००१ मध्येच का देता आली नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालिका खुनांचा खटला चर्चेत आला की सगळे बोलणे एका वाक्यावर येऊन थांबते : फाशी द्या आणि लवकर द्या. कोल्हापूरच्या गावित बहिणींबाबत तर ही मागणी आजही होते. ज्यांची पोटची लेकरे गेली, त्यांना ती करण्याचा पूर्ण हक्क आहे. पण या खटल्यातले निकाल तारखेप्रमाणे लावून पाहिले, तर आपल्या कायद्यातली एक पोकळी स्पष्ट दिसते – मरेपर्यंत सूट नसलेली जन्मठेप सत्र न्यायालयाला देताच येत नाही – आणि फाशीवरच्या वादात तिचे नावही कोणी घेत नाही.

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळवली. कडेवर मूल असलेल्या बाईवर पाकीटमारीचा संशय सहसा येत नाही, आणि पकडली गेलीच तर मुलाकडे बोट दाखवून लोकांचे लक्ष वळवता येते. मूल रडू लागले, अडचणीचे झाले की त्याला मारून टाकले जाई. १९९६ च्या अखेरीस तिघींना अटक झाली. अंजनाबाई १९९७ मध्ये खटल्याआधीच मेली. २८ जून २००१ रोजी कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आरोप तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतल्या नऊ मुलांच्या खुनाचा होता. शेवटपर्यंत टिकले ते पाच खून. असे का व्हावे, हे समजून घेतल्याशिवाय अशा खटल्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मालिका खुनांत प्रत्येक खून स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. चार सिद्ध झाले म्हणून पाचवा आपोआप सिद्ध होत नाही. मूल पळवले जाते एका जिल्ह्यात आणि प्रेत सापडते दुसऱ्या. पहिल्या ठाण्यात ‘हरवले’ अशी नोंद राहते, दुसऱ्या ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची. दोन्ही कागद एकमेकांसमोर येतच नाहीत. बेवारस म्हणून प्रेताची विल्हेवाट लागली, फोटो धूसर, कपडे जपून ठेवलेले नाहीत, की वर्षांनंतर ते प्रेत कोणाच्या मुलाचे हे कोर्टात सांगायला कोणी उरत नाही. आज डीएनए चाचणी आहे, पण तीही मांडीचे हाड, दाढ असा काही नमुना काढून ठेवला असेल तरच. अनोळखी मुलाच्या प्रत्येक प्रेताचा नमुना राखून ठेवणे, हे फाशीच्या कोणत्याही घोषणेपेक्षा कितीतरी उपयोगाचे काम आहे.

दुसरी नाजूक जागा माफीच्या साक्षीदाराची. या खटल्यात रेणुकाचा नवराच माफीचा साक्षीदार झाला. अशी साक्ष दुधारी असते. आतली हकीकत तोच सांगू शकतो, पण तो स्वतः गुन्ह्यातला वाटेकरी, म्हणून त्याच्या शब्दाला बाहेरून पुष्टी लागते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पुष्टी नसतानाही दोषी ठरवणे बेकायदा नव्हते, तरी न्यायालये खबरदारी म्हणून ती मागत असत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आता ‘पुष्टी मिळालेली साक्ष’ असेच शब्द आले आहेत. म्हणजे प्रत्येक मुलाच्या बाबतीत त्या दिवशी आरोपी त्या गावात होते, ते मूल त्यांच्याजवळ पाहिलेला माणूस आहे, सापडलेली वस्तू त्याच मुलाची आहे, असा वेगळा धागा जोडावा लागतो. अभियोग पक्षाने दीडशेहून अधिक साक्षीदार तपासले ते याचसाठी. कोर्ट वेळ लावते म्हणून चिडणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा. अटकेपासून निकालापर्यंतची साडेचार वर्षे अशा खटल्याला जास्त नाहीत.

वेळ गेला तो नंतर. दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले ते २०१४ च्या जुलैमध्ये. त्याच वर्षी जानेवारीत शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले होते, की दयेच्या अर्जावर असमर्थनीय विलंब झाला तर तेवढ्यावरही फाशी जन्मठेपेत बदलता येते, गुन्हा कितीही क्रूर असो. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेच केले. विलंब मोजला तो ७ वर्षे १० महिने १५ दिवस. संपर्काची आधुनिक साधने हाताशी असताना केवळ सरकारी अधिकाऱ्यांच्या ढिलाईमुळे हे घडले, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. पाच बालकांच्या खुनाची फाईल इतकी वर्षे रेंगाळते आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जात नाही, याची चीड यायला हवी. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जन्मठेपेचा अर्थ पक्का केला : नैसर्गिक मृत्यूपर्यंत, कोणतीही सूट न देता.

जोशी-अभ्यंकर खून खटल्यात १९७६-७७ च्या खुनांबद्दल चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, मग आताच का होत नाही, असे नेहमी विचारले जाते. त्यानंतर कायद्याने घातलेल्या पायऱ्या उगाच वाढलेल्या नाहीत. फाशीच्या पुनर्विलोकन अर्जावर तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या न्यायालयात सुनावणी हवी, हे २०१४ मध्ये ठरले. शिक्षा ठरवण्याआधी आरोपीची मानसिक तपासणी व पूर्वायुष्याचा अहवाल मागवावा, हे २०२२ मध्ये. या पायऱ्या कशासाठी लागतात, ते निठारीत दिसले. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाच्या निठारीत मुलांचे सांगाडे सापडले आणि सारा देश हादरला. मुख्य आरोपीला एकामागून एका खटल्यात फाशी लागली. २०१४ च्या सप्टेंबरात त्याला मेरठमध्ये फाशी द्यायची तारीखही ठरली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती टळली. पुढे दयेच्या अर्जातल्या विलंबावरून शिक्षा जन्मठेपेत बदलली. २०२३ च्या ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने बारा खटल्यांत त्याला निर्दोष सोडले. साठ दिवसांच्या पोलिस कोठडीनंतर घेतलेला कबुलीजबाब विश्वासार्ह नाही, हे त्यातले मोठे कारण. नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेल्या एका खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. त्या सप्टेंबरात दोर ओढला गेला असता, तर पुढचे हे सगळे निकाल एका मेलेल्या माणसाबद्दल द्यावे लागले असते. आणि त्या मुलांना कोणी मारले, याचे उत्तर त्यांच्या आईबापांना अजूनही मिळालेले नाही. तपास फसला की फाशी कितीही घाईने दिली तरी ते उत्तर मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. खुनाला कायद्यात दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. सत्र न्यायाधीशाने साधी जन्मठेप दिली, तर चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्यावर सरकार उरलेल्या शिक्षेत सूट देऊ शकते. ‘इतकी वर्षे सूट नाही’ किंवा ‘मरेपर्यंत सूट नाही’ अशी तिसरी शिक्षा २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालातून आली. पण २०१५ मध्ये श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने सांगितले, की ती फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकते. म्हणजे ज्या न्यायाधीशाने दीडशे साक्षीदार स्वतः ऐकले, साक्षीदारांचे चेहरे पाहिले, त्याच्याच हाती हा पर्याय नाही. पाच मुलांच्या खुन्याला चौदा वर्षांनी सुटण्याची वाट मोकळी ठेवायची की फाशी लिहायची, एवढेच त्याच्यापुढे उरते. तो फाशी लिहितो. मग उच्च न्यायालयाची पुष्टी, अपील, पुनर्विलोकन, राज्यपाल, राष्ट्रपती, पुन्हा रिट याचिका. गावित खटल्यात अटकेपासून सव्वीस वर्षांनी न्यायालये जिथे पोचली, ती शिक्षा, सत्र न्यायाधीशाला तसा अधिकार असता, तर २००१ मध्ये कोल्हापुरातच देता आली असती. त्या मुलांच्या आईबापांना पुढची वीस-बावीस वर्षे दर बातमीसरशी जखम उघडी करून घ्यावी लागली नसती.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मुळे दिरंगाई संपेल, असे काही जण मानतात. त्यात मुदती आहेत खऱ्या. दयेच्या अर्जाला ३० दिवस, राज्यपालांनी नाकारल्यास राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस, केंद्राने राष्ट्रपतींना शिफारस करायला ६० दिवस, निर्णय कळवायला ४८ तास. पण केंद्राचे ६० दिवस सुरू होतात ते राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगातून कागदपत्रे आल्यानंतर. तो अभिप्राय राज्याने किती दिवसांत पाठवावा, हे कलम सांगत नाही. गावित प्रकरणी उच्च न्यायालयाने ठपका ठेवला तो राज्य सरकारच्याच अधिकाऱ्यांवर, आणि राज्याच्या कामाला मुदत अजूनही नाही. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खून खटल्यातही दोघांची फाशी विलंबामुळेच रद्द झाली. त्या प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र कक्ष स्थापण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रातला कक्ष कोणाच्या हाताखाली चालतो आणि त्याच्याकडे आज किती अर्ज किती दिवसांपासून पडून आहेत, हे गृहखात्याने दर तीन महिन्यांनी जाहीर करावे.

मरेपर्यंतची जन्मठेप माणसाला आशाच ठेवत नाही, हा आक्षेप गंभीर आहे. पण घटनेच्या कलम ७२ आणि १६१ खालचे राष्ट्रपती व राज्यपालांचे अधिकार श्रीहरन निकालाने अबाधित ठेवले आहेत. शिवाय असा माणूस जिवंत असतो, त्यामुळे निठारीसारखी चूक उघड झाली तर त्याला सोडता येते.

दुरुस्ती फार मोठी नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. लगेच पुढच्या कलम १०४ मध्ये, जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्यासाठी, ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ हे शब्द संसदेने लिहिलेलेच आहेत. तेच शब्द, त्यांना ‘सूट न देता’ची जोड देऊन, पर्याय म्हणून कलम १०३ मध्ये आणावेत आणि ती शिक्षा देण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला स्पष्टपणे द्यावा. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रालाही ही दुरुस्ती आपल्यापुरती करता येईल. २०२१ मध्ये फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केले होते. मी सुचवतो ती दुरुस्ती तर एका कलमाची आहे.

आपला विश्वासू,
एक वकील वाचक, कोल्हापूर